रोज घाम गाळणाऱ्या डोक्याचे न्हाणे

सकाळी मैदानावर चालायला-धावायला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात गुडघेदुखीच्या खालोखाल जो विषय हमखास निघतो, तो केसांचा. घाम तर रोज येतो, मग रोज डोक्यावरून अंघोळ करायची का, आणि केली तर केस राहतील का, हा तो प्रश्न. पुण्यात मी बऱ्याच वर्षांपासून नियमाने धावते आणि मधल्या दिवशी व्यायामशाळेत वजने उचलते. या काळात नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने मला हे विचारले आहे, आणि त्यामागची धास्ती खरी असते हेही मी पाहिले आहे. काहीजणी केस धुवायच्या दिवसापुरताच जोराचा व्यायाम राखून ठेवतात. काहीजणी डोक्याला घाम फुटेल इतके धावतच नाहीत. काहीजणी पावसाळा लागला की केस वाळत नाहीत म्हणून मैदानावर येणेच थांबवतात. वरवर पाहता हे क्षुल्लक वाटते, परंतु हृदयाला, हाडांना आणि मनाला लागणारा व्यायाम जर केसांच्या वेळापत्रकावरून ठरणार असेल, तर ते वेळापत्रक आले कुठून हे एकदा नीट पाहायला हवे.

आपल्या घरांत बायकांनी डोक्यावरून न्हाण्याचा वार ठरलेला असे. आदल्या रात्री तेल, सकाळी बंबातले कढत पाणी, शिकेकाईची पूड नाहीतर भिजवून उकळलेल्या शेंगांचे पाणी, त्यात रिठा, आवळकाठी, नागरमोथा असे घरागणिक वेगळे जिन्नस, आणि मग वाळेपर्यंत पाठीवर मोकळे सोडलेले केस. कोणत्या वारी न्हायचे नाही याचेही नियम होते आणि तेही घरोघरी निराळे: कुठे सोमवार वर्ज्य, कुठे शनिवार, कुठे भाऊ असलेल्या मुलीला एखादा वार निषिद्ध. या न्हाण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते, ते तेल सोडवते, आणि तिचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे साबणाने होतात तसे केस खरखरीत होत नाहीत. ज्यांनी ही मिश्रणे बसवली त्यांना केसांची चांगली जाण होती, यात शंका नाही.

परंतु दोन न्हाण्यांमधले आठवड्याचे अंतर केसांच्या भल्यासाठी ठरले होते, असे मानायला मला आधार दिसत नाही. त्या काळातल्या बायका काही घाम गाळत नव्हत्या असे नाही. खुरपणी, कापणी, विहिरीचे पाणी शेंदणे, जात्यावर दळण दळणे, चुलीपुढे तासन् तास बसणे ही सगळी अंगमेहनतच होती, आणि वरून डोक्यावर पदर असे. तरीही न्हाणे आठवड्यानेच होई, कारण कमरेपर्यंतचे केस धुवायला अंघोळीपेक्षा बादलीदोन बादल्या पाणी जास्त लागे, ते कुणीतरी वाहून आणावे लागे, तापवायला सरपण लागे, आणि केस वाळेपर्यंत त्या बाईला कामातून थोडी सवड मिळावी लागे. आठवड्यातून एकदा ही मर्यादा पाण्याची, जळणाची आणि सवडीची होती. आज नळाला पाणी आणि भिंतीवर गीझर असलेल्या घरातही आपण तीच मर्यादा केसांच्या आरोग्याचा नियम म्हणून सांभाळत आहोत, आणि मुलींना शिकवत आहोत.

डोक्यावर नेमके काय साठते, ते समजून घेतले तर पुष्कळ भीती कमी होते. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि अगदी थोडे लॅक्टेट व युरियासारखे पदार्थ. जोमाने व्यायाम करणाऱ्या माणसाला तासाभरात अर्धा ते दीड लिटर घाम सहज येतो, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक, आणि डोक्याच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी दाट असल्यामुळे त्यातला बराच वाटा तिथे झिरपतो. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. याच त्वचेत प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथीही असतात आणि कपाळ व डोके या भागांत त्या सर्वांत सक्रिय असतात. या तेलावर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट वर्गातली बुरशी जगते. ती अस्वच्छ माणसाच्याच डोक्यावर असते असे नाही, ती आपल्या सर्वांच्या डोक्यावर असते. तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेवरचे तेल फोडून त्यातली हवी ती मेदाम्ले वापरते, आणि उरलेल्यांपैकी ओलेइक आम्लासारखी काही द्रव्ये ज्यांच्या त्वचेला सोसत नाहीत, त्यांना खाज सुटते, पापुद्रे निघतात आणि कोंडा होतो.

आता यावर व्यायामाची भर घाला. तासभर धावून डोके ओले झाले, त्यावर घट्ट अंबाडा बांधला, त्यावर ओढणी गुंडाळून हेल्मेट चढवले आणि तसेच कामाला गेलो, तर ते तेल, तो ओलावा आणि ती ऊब अनेक तास एकत्र राहतात. मुंबईत किंवा कोकणात हवाच इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. पुण्यात किंवा नगर-सोलापूरकडे तो भराभर वाळतो, पण मग मीठ मुळाशी राहते आणि त्वचा चुरचुरते. ज्यांना मानेवर किंवा केसांच्या कडेने वारंवार बारीक पुळ्या, केसतोड उठतात, त्यांनी प्रथम ही ओली ऊब किती वेळ डोक्यावर राहते ते पाहावे. महागडी औषधे नंतरची.

घाम येतो तो डोक्याच्या त्वचेला. केसांना घाम येत नाही. हे एकदा लक्षात घेतले की अर्धा प्रश्न सुटतो, आणि मला या विषयात सांगायचे आहे त्यातले हे सर्वांत महत्त्वाचे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच वर्षांपूर्वी मुळातून बाहेर पडलेले असते. केसाच्या बाहेरच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर बसलेले पापुद्रे असतात आणि त्यांवर मेदाचा अतिशय पातळ थर असतो, जो केसाला पाण्यापासून वाचवतो. मुळाशी हा थर शाबूत असतो आणि टोकाकडे तो झिजून गेलेला असतो. म्हणून रोजची स्वच्छता ज्याला हवी तो भाग आणि रोजची स्वच्छता ज्याला सोसवत नाही तो भाग हे दोन वेगळे आहेत, जरी ते एकाच वेणीत बांधलेले असले तरी. आपण मात्र न्हाताना सगळे केस डोक्यावर गोळा करून, शाम्पू लावून, कपडे चोळावेत तसे चोळतो, आणि मग टोके फुटली की दोष रोजच्या धुण्याला देतो.

रोज किंवा दिवसाआड धुणाऱ्याने शाम्पू हातावर पाण्यात पातळ करून बोटांच्या पेरांनी फक्त मुळांशी लावावा, नखे लावू नयेत, केस डोक्यावर गोळा न करता खाली सरळ सोडावेत. डोक्यावरून ओघळणारा फेस लांबीला पुरेसा होतो. कंडिशनर नेमका उलट, कानांच्या खालच्या भागाला लावायचा, त्वचेला नाही. शाम्पू निवडताना त्याचा आम्ल-अल्कधर्म पाहणे जाहिरातीतल्या फुला-फळांपेक्षा उपयोगाचे आहे. डोक्याच्या त्वचेचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी) ५.५ च्या आसपास असतो आणि केसाचा त्याहूनही कमी. शाम्पू जितका अल्कधर्मी, तितके केसांवरचे पापुद्रे उचलले जातात, केस एकमेकांवर घासतात आणि गुंता वाढतो. २०१४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी १२३ शाम्पू तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३८ टक्केच ५.५ किंवा त्याहून कमी सामूचे निघाले. अंगाच्या साबणाचा सामू तर ९ ते १० पर्यंत जातो. व्यायामशाळेतून आलेले अनेक पुरुष अजूनही अंगाची वडीच डोक्यावर फिरवतात, आणि बोअरवेलचे जड पाणी असेल तर त्या साबणाचा न विरघळणारा चिकट थर केसांवर बसतो, ज्याला ते कोंडा समजतात. केस दोन बोटे लांबीचे असले तरी खाली त्वचा तीच असते, म्हणून हे त्यांनाही लागू आहे.

किती वेळा धुवावे याचे उत्तर वारात किंवा आकड्यात शोधू नये, असे माझे मत आहे. तेल किती सुटते हे मुख्यतः संप्रेरकांवर आणि आनुवंशिकतेवर ठरते. रोज धुतल्याने ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात, ही समजूत फार पसरलेली असली तरी तिला बळकट पुरावा नाही. २०२१ मध्ये आशियाई लोकांच्या केसांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा केस धुणारे लोक आपल्या केसांविषयी सर्वाधिक समाधानी आढळले आणि जास्त वेळा धुतल्याने केसांची मोजता येईल अशी हानी दिसली नाही. तो अभ्यास शाम्पू बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, परंतु त्याचा निष्कर्ष त्वचेच्या एकूण शास्त्राशी विसंगत नाही. याउलट, आंतरजालावर फिरणारा ‘आठवड्यातून एकदाच धुवा’ हा सल्ला पुष्कळदा अतिशय कुरळ्या केसांसाठी किंवा थंड, कोरड्या देशांतल्या लोकांसाठी दिलेला असतो. कुरळ्या केसात मुळाचे तेल वळणे ओलांडून खाली पोहोचत नाही, म्हणून तो लवकर कोरडा पडतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या सरळ किंवा हलक्या लाटांच्या केसांवरून तेल सहज खाली उतरते. दुसऱ्याच्या डोक्यासाठी आणि दुसऱ्या हवेसाठी दिलेला सल्ला आपण ठाण्याच्या मे महिन्यात पाळावा, याला काही अर्थ नाही.

केस गळण्याची भीती मात्र सर्वांत चिवट असते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, कारण प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि सुटतो. सुटलेले पुष्कळ केस वेणीतच अडकून राहतात आणि पाणी पडले की एकदम हातात येतात. आठवड्याने न्हाणाऱ्या बाईला न्हाणीघराच्या जाळीवर आठवड्याभराचा गुंता दिसतो आणि तिला वाटते की पाण्याने किंवा शाम्पूने केस तोडले. तीच बाई दिवसाआड न्हाऊ लागली तर गुंता लहान होतो, बेरीज तेवढीच राहते. भांग रुंद होत चालला असेल, एखादा वाटोळा चट्टा पडला असेल किंवा प्रसूतीनंतर, तापानंतर अथवा जेवण फार तोडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस येऊ लागले असतील, तर ती वेगळी कारणे आहेत आणि त्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. विशेषतः व्यायामाबरोबर उपाशी राहणाऱ्या मुलींनी लोह आणि प्रथिने यांच्याकडे आधी पाहावे. त्यांच्या केसांचे दुखणे न्हाणीघरात नसते.

प्रत्येक व्यायामानंतर शाम्पू लागतोच असेही नाही. मीठ पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही. म्हणून हलका व्यायाम झाला असेल तर वेणी वर बांधून, फक्त मुळांवरून कोमट किंवा साधे पाणी सोडून बोटे फिरवली तरी घामाचा मोठा भाग निघून जातो. तेल साठले की मग शाम्पू. माझे केस पाठीपर्यंत आहेत आणि लांब धावण्याच्या व वजने उचलण्याच्या दिवशी मी शाम्पू लावते, बाकीच्या दिवशी नुसते पाणी. मे महिन्यात हे प्रमाण वाढते, डिसेंबरात कमी होते. ड्राय शाम्पूची, म्हणजे पाण्याशिवाय वापरायच्या शाम्पूची, फवारणी मात्र मी घामावर कधी करत नाही, कारण त्यातले पिष्ट तेल शोषते पण मीठ आणि घाम तिथेच ठेवते, आणि ओल्या त्वचेवर ते पिष्ट लगद्यासारखे बसते.

खरी अडचण धुण्यात नसून वाळवण्यात आहे, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. केस पाण्यात फुगतो, त्याच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि तो ताणला जातो, म्हणून ओल्या केसात बारीक दातांचा कंगवा घालणे हे केस तोडण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. आधी जुन्या सुती पंचाने किंवा मऊ बनियनच्या कापडाने पाणी टिपावे, टॉवेलने घासू नये, आणि मग रुंद दातांची फणी टोकाकडून वर वर आणावी. हेअर ड्रायरची आपल्याकडे फार भीती आहे, आणि भुरभुरत्या केसांवर तापलेली यंत्रे फिरवणे खरोखर वाईटच. परंतु २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात एक वेगळी गोष्ट दिसली: ड्रायर १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवला, तर केसांना होणारी हानी आपोआप वाळू दिलेल्या केसांपेक्षा कमी होती, कारण फार वेळ ओला राहिलेला केस आतून फुगलेला राहतो आणि त्याच्या आतल्या थरांना त्याची झळ पोहोचते. पावसाळ्यात दिवसभर ओला अंबाडा बांधून ऑफिसात बसणाऱ्या मैत्रिणींना मी हे नेहमी सांगते. निदान मुळे तरी ड्रायरने कोमट हवेवर वाळवून घ्यावीत, टोके आपली वाळतील. ‘अगं, ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस, सर्दी होईल’ असे घरातली वडील माणसे मायेने सांगतात. सर्दी विषाणूंनी होते, ओल्या केसांनी नाही, पण केस वाळवून बाहेर पडावे हा त्यांचा आग्रह दुसऱ्या कारणाने योग्यच आहे.

पण हे सगळे करायला वेळ लागतो, आणि तो वेळ सकाळी कुणाकडे असतो? धावून आल्यावर डबे, मुलांची शाळा, सात-साडेसातची लोकल. लांब केस धुऊन वाळवायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ज्या घरात तो अर्धा तास मिळत नाही, तिथे केस आणि व्यायाम यांच्यात निवड करायची वेळ आली की व्यायाम सुटतो. हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरल रेजिना बेंजामिन यांनी ऑगस्ट २०११ मध्ये अटलांटा येथे केशरचनाकारांच्या मोठ्या मेळाव्यात जाऊन सांगितले होते की, केशरचना बिघडेल या काळजीने बायका व्यायाम टाळतात आणि त्याचे आरोग्यावर दुष्परिणाम होतात. त्यानंतर नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी १०३ आफ्रिकन अमेरिकन स्त्रियांना विचारले, तेव्हा जवळजवळ ४० टक्के स्त्रियांनी केसांमुळे कधी ना कधी व्यायाम टाळत असल्याचे सांगितले. त्यांचे केस वेगळे, त्यांच्या केशरचनेमागचा इतिहास आणि सामाजिक दडपण वेगळे. तो आकडा आपल्याला लावता येणार नाही. तरीही देशाच्या सर्वोच्च आरोग्य पदावरच्या व्यक्तीला हा विषय सार्वजनिक आरोग्याचा वाटला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे असा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे तो विचारायचा झाला तर मी आधी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींकडे जाईन. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्याच्या कडेने किंवा शाळेच्या मैदानावर या मुली दिसतात. ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, या तीन गोष्टींसाठी त्या वर्ष-वर्ष घाम गाळतात. त्यांतल्या पुष्कळजणी भाड्याच्या खोलीत चार-पाचजणी मिळून राहतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. मराठवाड्यात उन्हाळ्याला पाणी किती येते हे सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा ठिकाणी ‘रोज केस धुवा’ हा सल्ला देणे निर्दयपणाचे आहे. त्यांना उपयोगी पडेल ते वेगळे: एका तांब्याचे पाणी मुळांवरून सावकाश सोडून घाम काढणे, ओला पंचा पिळून त्याने भांगाभांगाने डोके पुसणे, घट्ट वेणी मैदानावरून आल्याबरोबर सोडून केसांत वारा जाऊ देणे, शाम्पूची पुडी एकदम न ओतता पाण्यात कालवून तिचे दोन वेळा करणे, आणि फणी व टॉवेल एकमेकींचे न वापरणे. ही शेवटची सूचना उवांपुरती नाही. अंगाला अंग घासणाऱ्या खेळांत डोक्याचा आणि अंगाचा नायटा पसरतो. जपानमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून जुदो आणि कुस्तीच्या खेळाडूंमध्ये ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स नावाच्या बुरशीची अशी साथ पसरली होती.

काही मुली केस कापतात. कुस्ती खेळणाऱ्या मुलींमध्ये ते सर्रास दिसते, आणि कोल्हापूरच्या तालमीतल्या तांबड्या मातीचा विचार केला तर ते पटते. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ केलेली असते आणि डाव संपल्यावर ती केसांच्या मुळापर्यंत गेलेली असते. गावात लांब केसांवरून मुलीचे संस्कार मोजणारी माणसे असताना या मुली आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे वडील हा निर्णय घेतात, याचे मला मोठे अप्रूप आहे. तरीही मी कुणाला केस काप असे सांगणार नाही. ज्या मुलीला वेणी हवी आहे तिला वेणीसह धावता यायला हवे.

तेलाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेल सोडा म्हटले की आपल्या घरात कुणालाही पटत नाही, आणि ते सोडायची गरजही नाही. २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. तिन्हींत केवळ खोबरेलाने केसांतून धुऊन जाणारी प्रथिने लक्षणीय प्रमाणात वाचवली, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. हीदेखील तेल विकणाऱ्या कंपनीतच झालेली तपासणी आहे, पण तिचा आधार पुढे इतरांनीही घेतला आहे. म्हणून न्हाण्यापूर्वी तासभर आधी, किंवा आदल्या रात्री, केसांच्या लांबीला आणि टोकांना खोबरेल लावावे. वारंवार धुणाऱ्याला ते खरोखर सांभाळून घेते. व्यायामाला जाताना मुळांत तेल चोपडून जाऊ नये, कारण घामाबरोबर ते कपाळावर उतरते, पुळ्या येतात, आणि ज्यांना कोंडा आहे त्यांच्या डोक्यावरच्या बुरशीला आणखी खाद्य मिळते. मल्लखांब करणाऱ्या मुलांच्या हातापायांना आणि केसांना खांबाचे एरंडेल लागतेच. ते चिकट तेल निघायला शाम्पू दोनदा लावावा लागतो, त्याला इलाज नाही.

पोहणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे: तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवावेत, म्हणजे क्लोरीनचे पाणी कमी शोषले जाते, टोपी घालावी, आणि बाहेर येताच धुवावे. घाम येणाऱ्या डोक्याला जो उशीर एक वेळ चालतो, तो तलावाच्या पाण्याला चालत नाही.

बांधण्याची पद्धतही धुण्याइतकीच महत्त्वाची आहे. कपाळावरची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट पोनीटेल रोज त्याच जागी बांधली, तर कपाळ आणि कानशिलांकडचे केस हळूहळू विरळ होत जातात. वेळेवर ताण सोडला तर ते परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळेच मरतात. सैल वेणी, कापडी रबर, आणि जागा अधूनमधून बदलणे एवढे पुरते. हेल्मेट मात्र सैल करून चालणार नाही. त्याच्या आतले अस्तर निघत असेल तर ते धुवावे, आणि डोक्याला बांधायची ओढणी रोज बदलावी, कारण कालच्या घामाची ओढणी आजच्या धुतलेल्या केसांवर गुंडाळली तर धुणे वाया जाते.

कोंडा एवढ्यानेही आटोक्यात येत नसेल, तर कीटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरावा. तो लावून लगेच धुवायचा नसतो. तीन ते पाच मिनिटे त्वचेवर राहू दिला तरच त्याचे काम होते, आणि पुष्कळ लोकांना तो ‘लागू पडत नाही’ याचे कारण बहुधा ही न थांबलेली मिनिटेच असतात. महिनाभरात फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडे जावे, कारण सोरायसिससारखे आजारही कोंड्यासारखे दिसतात.

आता राहिला तो सकाळचा अर्धा तास. घरातल्या कामांची वाटणी हा त्यातला मोठा भाग आहे, आणि तो प्रत्येक घराने आपापला सोडवायचा आहे. पण एक भाग सार्वजनिक आहे. आपल्या शहरांत मैदाने, धावपट्ट्या, नदीकाठचे रस्ते तयार होत आहेत, टेकड्यांवर पहाटे शेकडो लोक जातात, आणि यांपैकी बहुतेक ठिकाणी बायकांना डोक्यावर पाणी घेऊन, केस वाळवून थेट कामाला जाता येईल अशी जागा नसते. जिथे स्वच्छतागृह असते तिथे पुष्कळदा पाणी नसते किंवा दाराला कुलूप असते. मैदानाच्या नव्या आराखड्यात व्यायामाची लोखंडी यंत्रे, कारंजे आणि रंगीत दिवे असतात. त्यांच्याऐवजी बायकांसाठी दोन न्हाणीघरे, आतून कडी लागणारे दार, कपडे टांगायला खुंटी, आरसा आणि ड्रायर लावता येईल असा विजेचा प्लग मिळाला, तर आमच्या मैदानावरच्या निदान काही बायका पावसाळ्यातही येत राहतील. आमच्या गटाने तसा लेखी अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे ठरवले आहे, आणि त्यात पाण्याची वेळ सकाळी सहा ते आठ असावी हे आम्ही वेगळे नमूद करणार आहोत.